रेडिएटरमध्ये निम्मं कूलंट, निम्मं पाणी: तीन आठवड्यांचा अनुभव

रेडिएटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं आणि बोटाला तांबूस लेप लागला. नोव्हेंबरचा पहिला शनिवार होता. गाडी दुसऱ्याने वापरलेली, आमच्याकडे येऊन आठ महिने झालेले. तापमानाचा काटा एरवी मधोमध असायचा, तो महिनाभर चढावर जरासा वर रेंगाळायला लागला होता. आत डोकावलं तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) हिरवंही नाही आणि गुलाबीही नाही, पुराच्या पाण्यासारखं गढूळ काहीतरी. आधीच्या मालकाने पातळी कमी झाली की नळाचं पाणी ओतलं असणार, आणि खरं सांगायचं तर गेल्या आठ महिन्यांत दोनदा मीही तेच केलं होतं.

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "अगं, पाणी टाकलं की झालं. आम्ही वर्षानुवर्षं पाण्यावरच गाड्या चालवल्या."

ते खोटं बोलत नव्हते. पण त्यांच्या काळातल्या गाड्यांची इंजिनं बहुतेक बिडाची आणि रेडिएटर तांब्या-पितळेचे असायचे. आताच्या गाडीत सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, वॉटर पंपाचा पंखा कधी धातूचा तर कधी प्लास्टिकचा. वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असले की गंजण्याची क्रिया जोरात होते. कूलंटच्या डब्यात ग्लायकॉल या मुख्य द्रवाबरोबर गंजरोधक रसायनं असतात ती यासाठीच. कूलंटच्या अँटीफ्रीझ या दुसऱ्या नावामुळे आपल्याला वाटतं की हे फक्त गोठू नये म्हणून. प्रत्यक्षात ते उकळण्याचा बिंदूही वर नेतं आणि आतल्या धातूला सांभाळतं. बर्फ कधीच न पाहिलेल्या गाडीलाही ते लागतं.

त्या शनिवारी फक्त दोन कामं केली. एक, गाडीचं मॅन्युअल शोधून कूलंटचं पान वाचलं: एकूण क्षमता ७ लिटर, मिश्रण ५०:५०, आणि कूलंट कोणत्या मानकाचं हवं त्याचा क्रमांक. हा क्रमांक कागदावर उतरवून घ्या. रंगावर विसंबू नका. हिरवं, गुलाबी, निळं, नारिंगी हे रंग उत्पादक आपापल्या मर्जीने घालतात, रंगाचा आणि आतल्या रसायनाचा पक्का संबंध नसतो. सिलिकेटवाली जुनी पद्धत आणि सेंद्रिय आम्लांवरची नवी पद्धत यांची सरमिसळ झाली तर गंजरोधकांचा परिणाम कमी होतो, काही वेळा आत चिकट गाळही धरतो.

दुसरं काम, रिफ्रॅक्टोमीटर मागवला, म्हणजे कूलंटमध्ये ग्लायकॉल किती आहे ते तपासायचं साधन. हाताच्या पंजाएवढी नळी असते. एका टोकाला तिरकी काच, त्यावर पारदर्शक झडप. काचेवर दोन थेंब टाकायचे, झडप अलगद मिटायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि उजेडाकडे तोंड करून दुसऱ्या टोकाने पाहायचं. वरचा भाग निळा, खालचा पांढरा दिसतो. दोन्ही जिथे मिळतात ती रेघ ज्या आकड्यावर असेल तो त्या मिश्रणाचा गोठणबिंदू. आत दोन पट्ट्या असतात, एक एथिलिन ग्लायकॉलची आणि एक प्रोपिलिन ग्लायकॉलची. आपल्या डब्यावर काय लिहिलंय ते पाहून योग्य ती पट्टी वाचायची. तो यायला चार दिवस लागले.

बुधवारी संध्याकाळी इंजिन पूर्ण गार असताना दोन थेंब तपासले. रेघ उणे ७ वर. म्हणजे आत जेमतेम १५ टक्के ग्लायकॉल उरलं होतं. बाबांनीही डोळा लावून पाहिलं आणि बराच वेळ नळी खाली ठेवली नाही. "मग बाकी सगळं पाणीच की," एवढंच म्हणाले.

आता थोडं प्रमाणाबद्दल, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. निव्वळ एथिलिन ग्लायकॉल उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. पाणी शून्यावर गोठतं. दोन्ही निम्मे निम्मे मिसळले तर मिश्रण उणे ३७ पर्यंत टिकतं, कारण दोन्हीचे रेणू एकमेकांना स्फटिक बांधू देत नाहीत. ग्लायकॉल ७० टक्क्यांच्या आसपास नेलं तर गोठणबिंदू सगळ्यात खाली जातो आणि त्यापुढे पुन्हा वर यायला लागतो. म्हणजे निव्वळ कूलंट ओतणं हा जास्तीचा बंदोबस्त ठरत नाही, उलट तोटाच होतो. शिवाय उष्णता वाहून न्यायच्या कामात पाणीच सरस आहे. एक किलो पाणी एक अंशाने तापायला साधारण ४.२ किलोज्यूल घेतं, ग्लायकॉल २.४ च्या आसपास. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन सुरुवातीला निव्वळ ग्लायकॉलवर थंड केलं जायचं. पुढच्या आवृत्त्यांत ७० भाग पाणी आणि ३० भाग ग्लायकॉल असं दाबाखालचं मिश्रण आलं. हे वाचल्यावर पाण्याबद्दलचा माझा राग थोडा निवळला. पाणी हवंच, फक्त ते शुद्ध हवं आणि मोजून हवं.

शुद्ध म्हणजे डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार गरम पृष्ठभागावर बसतात, किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो तसे. इंजिनात तोच थर सिलिंडरच्या भिंतीला बाहेरून बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. क्लोराइड तर ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. उकळून गार केलेलं पाणी चालणार नाही, त्यातले सगळे क्षार निघून गेलेले नसतात.

मी पाच-पाच लिटरचे तीन कॅन डिस्टिल्ड वॉटर आणि पाच लिटरचा एक डबा तयार कूलंट आणला. तयार म्हणजे आधीच ५०:५० मिसळलेलं. डब्यावर ठळक लिहिलं होतं, पाणी मिसळू नका. मला ते फार सोयीचं वाटलं.

दुसरा शनिवार. गाडी रात्रभर उभी होती. बोनेट उघडायच्या आधी बाबांनी मला बाही वर करून हात दाखवला. मनगटापासून कोपरापर्यंत फिकट चट्टा आहे, लहानपणापासून पाहत आलेली मी, पण त्याची गोष्ट कधी ऐकली नव्हती. गरम गाडीचं झाकण चिंधीने धरून उघडलं होतं त्यांनी. झाकण आतला दाब धरून ठेवतं म्हणून पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब एकदम पडतो आणि ते सगळं पाणी एका क्षणात उकळून वर येतं. "चिंधीने काही अडत नाही," ते म्हणाले. रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, हा नियम आम्ही तीन आठवडे पाळला. त्यामुळे काम लांबलं आणि मला त्याचं काहीही वाटत नाही.

गाडी सपाट जागेवर. रेडिएटरच्या तळाच्या ड्रेन प्लगखाली पसरट टब. प्लग प्लास्टिकचा असेल तर हातानेच, हलक्याने फिरवा, पान्याने तुटतो. आधी फक्त प्लग सैल केला, मग वरचं झाकण काढलं, तेव्हा धार जोरात आली. ओव्हरफ्लोची, म्हणजे जादा कूलंट जमा होणारी टाकी काढून वेगळी धुतली, तिच्या तळाशी चिखल होता. टबातलं पाणी मोजपात्राने मोजलं: ४.२ लिटर.

एकूण ७ लिटर आणि बाहेर आलं ४.२. उरलेलं २.८ लिटर कुठे? इंजिनच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर उघडणारी झडप) बंद असतो, त्यामागचं पाणी रेडिएटरच्या प्लगमधून येत नाही. ब्लॉकला स्वतःचा ड्रेन प्लग असतो, पण आमचा गंजून बसलेला होता. बाबा म्हणाले त्याला हात नको लावू, तुटला तर आठ दिवस गाडी इथेच. मला पटलं. हा २.८ चा आकडा मी वहीत लिहिला आणि त्याचा पुढे विचारच केला नाही.

मग धुणं. प्लग बंद, ४.२ लिटर डिस्टिल्ड वॉटर आत, हीटर पूर्ण गरमवर, इंजिन चालू. वीस-पंचवीस मिनिटांनी थर्मोस्टॅट उघडला की खालचा होज गरम होतो, तेव्हा पाणी सगळीकडे फिरलं असं समजायचं. दहा मिनिटं फिरू द्यायचं, बंद करायचं आणि गार होईपर्यंत थांबायचं. आम्हाला दर वेळी तीन तास लागले. मग प्लग उघडायचा. पहिल्या धुण्याचं पाणी तपकिरी, दुसऱ्याचं पिवळसर. तिसरं रविवारी दुपारी केलं, ते जवळजवळ स्वच्छ. दर धुण्यात आतलं ४० टक्के मागे राहतं, म्हणून तीन वेळा केल्यावर जुन्यातलं सहा-सात टक्केच उरतं. हा हिशोब मी अभिमानाने बाबांना समजावला. आत मागे राहिलेलं ते २.८ लिटर आता जवळजवळ निव्वळ पाणी आहे, हे मात्र डोक्यात आलं नाही.

रविवारी संध्याकाळी तयार कूलंट ओतलं. ४.२ लिटर बरोबर मावलं. इंजिन फिरवलं, गार केलं, सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी दोन थेंब काचेवर टाकले.

रेघ उणे १६ वर.

पुन्हा पुसलं, पुन्हा टाकलं. उणे १६. यंत्र बिघडलं असेल म्हणून काचेवर डिस्टिल्ड वॉटर टाकून पाहिलं, रेघ बरोबर शून्यावर आली. म्हणजे यंत्र ठीक होतं. दोन दिवस, साडेबारा लिटर पाणी, एक नवा डबा, आणि हवं होतं त्याच्या निम्म्यालाही नाही. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. कुठेतरी हेड गॅस्केट (सिलिंडर हेडखालचं सील) गेलं असेल, कूलंट नकली असेल, असं काहीबाही मनात येत राहिलं. संध्याकाळी वही उघडली आणि २.८ हा आकडा डोळ्यांसमोर आला.

डब्यातलं मिश्रण ५०:५० होतं. इंजिनातलं नव्हतं. ४.२ लिटर तयार कूलंटमध्ये २.१ लिटर ग्लायकॉल. ते ७ लिटरमध्ये पसरलं की ३० टक्के होतं. हिशोब इतका सरळ आहे. पाणी मिसळू नका हे मी तंतोतंत पाळलं होतं, पण पाणी आधीच आत बसलेलं होतं.

जे धुऊन भरणार आहेत त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा: प्रमाण डब्यातलं नाही, पूर्ण यंत्रणेतलं धरायचं. धुतल्यानंतर कॉन्सन्ट्रेट घ्या, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट. एकूण क्षमतेच्या निम्मं, आमच्या बाबतीत ३.५ लिटर, ते आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. आमच्याकडे ती जागा ०.७ लिटर निघाली असती. तयार मिश्रण चांगलंच असतं, पण ते वरून पातळी भरायला किंवा न धुता काढ-घाल करायला. न धुता चालतं तेही जुनं कूलंट त्याच मानकाचं आणि नीट प्रमाणाचं असेल तरच.

आता भरलेलं सगळं काढायचं का? नाही. थोडं काढून तेवढंच कॉन्सन्ट्रेट घालता येतं. किती, त्याचा हिशोब असा: हव्या त्या टक्केवारीतून आत्ताची टक्केवारी वजा करा, तिला एकूण लिटरने गुणा, आणि १०० मधून आत्ताची टक्केवारी वजा करून येईल त्याने भागा. आमचं: ५० वजा ३० म्हणजे २०, गुणिले ७ म्हणजे १४०, भागिले ७०. बरोबर दोन लिटर.

त्याच मानकाचं कॉन्सन्ट्रेट दुकानात नव्हतं, मागवावं लागलं. पाच दिवस. दुकानदार दुसरं एक दाखवत होता, रंग अगदी तोच. मॅन्युअलमधला क्रमांक डब्याच्या मागे सापडला नाही, म्हणून नको म्हटलं. त्या पाच दिवसांत गाडी जवळपास चालवली, त्याने काही बिघडत नाही. ३० टक्के म्हणजे विष नव्हे. पण गंजरोधक पातळ झालेला असताना वर्षं काढणं ठीक नाही.

तिसऱ्या शनिवारी दोन लिटर काढले. प्लग अर्धाच उघडा, खाली मोजपात्र धरा आणि दोनच्या खुणेवर बंद करा, धार जोरात असेल तर पटकन दोनच्या पुढे जाते. मग नरसाळ्यातून कॉन्सन्ट्रेट. ते पाण्यापेक्षा जड आणि दाट असतं. रेडिएटरच्या तोंडातून पाहिलं तर आधीच्या द्रवात पारदर्शक दोऱ्यांसारख्या वळ्या खाली उतरताना दिसतात, लगेच एकजीव होत नाहीत. म्हणूनच ओतल्या ओतल्या तपासू नका. इंजिन गरम होऊन फिरलं पाहिजे.

इथे हवा काढायचं काम असतं आणि ते घाईने करू नये. झाकण उघडं ठेवून, इंजिन गार असतानाच सुरू केलं, हीटर पूर्ण गरमवर. नरसाळं तोंडात घट्ट बसवून त्यात थोडं मिश्रण ठेवलं. बुडबुडे येत राहतात, वरचा होज जाड हातमोजा घालून अधूनमधून दाबला की आणखी येतात. थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भर घालायची. काही गाड्यांत हवा सोडायचा वेगळा स्क्रू असतो, मॅन्युअलमध्ये पाहा. पंखा दोनदा लागून बंद झाला आणि हीटरमधून सलग गरम हवा यायला लागली, तेव्हा आम्ही इंजिन बंद केलं आणि गार झाल्यावर झाकण लावलं. हीटर मध्येच गार हवा फेकत असेल तर कुठेतरी हवा अडकलेली आहे.

रविवारी सकाळी ओव्हरफ्लोच्या टाकीतली पातळी बोटभर उतरलेली होती. त्याने घाबरू नका, उरलेली हवा बाहेर पडली की असं होतं. डब्यात शिल्लक राहिलेल्या तयार मिश्रणाने ती भरली. मग दोन थेंब. मी आधी बाबांना पाहायला दिलं.

"उणे ३७," ते म्हणाले. "सदतीसच ना गं? तू बघ."

सदतीसच होतं. काटा तेव्हापासून मधोमध आहे, चढावरही.

सांडलेल्याबद्दल एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री, मांजरं आणि लहान मुलं ते चाटतात, पितात. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. मांजराला एक-दोन चमचेही जिवावर बेतू शकतात. सुरुवातीला फक्त झोकांड्या जातात, म्हणून लक्षात येत नाही. कोणाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा. दुसऱ्या शनिवारी धुण्याची वाट पाहत आम्ही आत गेलो होतो आणि टब उघडाच होता. बाहेर आले तर शेजारचं मांजर टबाच्या काठावर पंजे ठेवून वाकलेलं. मी ओरडले, ते पळालं. त्याने तोंड लावलं नव्हतं, ओठ-मिशा कोरड्या दिसल्या, तरी शेजारच्या काकूंना सांगितलं आणि दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवली. ते ठीक आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर टबावर कायम फळी. आणि फरशीवरचा प्रत्येक थेंब लगेच चिंधीने टिपून मग जागा भरपूर पाण्याने धुतली.

जुनं पाणी मोजलं तर सगळं मिळून एकोणीस लिटरच्या आसपास भरलं. पहिलं गढूळ, तीन धुण्यांचं, आणि शेवटी काढलेले दोन लिटर. धुण्याच्या पाण्यातही ग्लायकॉल असतं, तेही गटारात ओतायचं नाही. डिस्टिल्ड वॉटरचे तीन कॅन आणि कूलंटचा डबा रिकामे झालेच होते, त्यांत मावलं. कॅनवरचं जुनं लेबल खरवडून काढा, नाहीतर कोणीतरी ते शुद्ध पाणी समजून वापरेल. मी मोठ्या अक्षरांत "वापरलेलं कूलंट, विषारी" असं लिहून चिकटपट्टीने झाकणं बंद केली.

पहिल्या गॅरेजने घ्यायला नकार दिला. दुसऱ्याने विचारलं, यात इंजिन ऑइल मिसळलंय का? ऑइल मिसळलेलं वेगळं ठेवावं लागतं, एकत्र झालं तर पुढे शुद्ध करता येत नाही. नाही म्हटल्यावर त्यांनी सोमवारी सकाळी आणायला सांगितलं, कारण त्यांचा गोळा करणारा माणूस त्याच दिवशी येतो. वहीत नोंद केली, सही घेतली. चार कॅन आत नेईपर्यंत मी तिथेच उभी होते.

उरलेलं अर्धा लिटर तयार मिश्रण आता वेगळ्या बाटलीत, झाकण घट्ट लावून, नाव लिहून डिकीत उभं ठेवलं आहे. रस्त्यात पातळी कमी झालीच तर साधं पाणी घालायची वेळ येऊ नये म्हणून. बोनेटच्या आत बाबांनी स्वतः एक चिठ्ठी चिकटवली: तारीख, मानकाचा क्रमांक, "एकूण ७ लिटर, निम्मं-निम्मं". पुढची तपासणी एका महिन्याने, गार इंजिनावर, सकाळी.